बायकांनी बोटीनं जावं

दत्ताराम आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो लाल शाईची पूड घ्यायला. फणसवाडीच्या तोंडाशी अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कागद-शाईचं दुकान होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात माझं टेबल. टेबलावर रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक, कोकणच्या बोटींची पत्रकं आणि जोडकार्डांचा गठ्ठा. कुणाला आपला प्रवास आपणच करायचा असला की गाडी कुठली, बदलायची कुठे, उतरायचं कुठल्या धर्मशाळेत, हे मी एका कागदावर आखून द्यायची. धर्मशाळेला जोडकार्ड धाडायचं. त्याला चिकटलेल्या कोऱ्या कार्डावर 'जागा आहे' असं उत्तर परत यायचं. तिकिटं ज्याची त्यानं काढायची.

त्या दिवशी मी एका आजोबांना झापत होते. "गाणगापूरला भलत्या वेळी उतरून काय करणार? ही दुसरी गाडी धरा."

आजोबा गेले. शाईची पुडी हातात घेऊन दत्ताराम तिथंच उभा.

"बाई, तुम्ही गाणगापूर पाहिलंय?"

"मी पुण्याच्या पुढे गेलेली नाही."

"आणि एवढ्या ठामपणे सांगता?"

"पुस्तकात आहे ते सांगायला भीती कसली?"

तो हसला. उंच, सावळा, लालबागचा. दिवसा गिरणीच्या कचेरीत कारकून आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गाणाऱ्या कलापथकाचा चालक. हसला की त्याची डावी भुवई जराशी वर जायची... ती मी नीट पाहिली, खोटं कशाला बोलू?

मग तो येतच राहिला. कधी पुठ्ठा, कधी टाचण्या.

"टाचण्या खाता का हो तुम्ही?" एकदा मी विचारलं.

"काही विकत घेतल्याशिवाय तुम्ही बोलत नाही, म्हणून..."

मे महिन्यात त्यांचा निपाणी-बेळगावचा दौरा ठरला आणि तो आखायला तो माझ्याकडेच आला. मी खुलले. पण पाच मिनिटांत माझा चेहरा आंबला, कारण प्रत्येक तिसऱ्या वाक्यात मालन. मालनचा आवाज, मालनची डफावरची थाप, मालनशिवाय पथक उभंच राहत नाही.

"कोण ही मालन?"

"आमच्याच चाळीतली. लहानपणापासून एकत्र गातो आम्ही."

लहानपणापासून. म्हणजे मी आले ती थेट टाचण्यांच्या वेळी. आता एवढ्या लांबच्या प्रवासात ती त्याच्या शेजारी बसून गुणगुणणार आणि हा भुवई वर करणार...

मी वेळापत्रक मिटलं आणि कागदावर लिहू लागले. "पुरुषांनी गाडीनं जा. पुण्याला बदला, बेळगावला उतरा. पेट्या-ढोलक्यांच्या गर्दीत बायकांना बसायला मिळायचं नाही. बायकांनी बोटीनं जावं. भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्लं, तिथून मोटारीनं बेळगाव."

"पण मेअखेरीचा समुद्र..."

"बोटी अजून बंद झालेल्या नाहीत."

हे खरं होतं. पावसाच्या तोंडावरच्या शेवटच्या बोटी फार हलतात, हेही खरं होतं. ते मी सांगितलं नाही.

त्यानं कागदाची घडी केली. "तुम्ही लिहिलंय, मग बरोबरच असणार."

पुढचे काही दिवस मी वेळापत्रकावर बोट ठेवून होते. आता पुणं, आता मिरज... मालन मात्र समुद्रात. मला झोप अगदी गोड लागत होती.

तो परतला आणि काही न मागता माझ्यासमोर बसला.

"मालनला बोट लागली. वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या पडावातून उतरवताना तिला उभंसुद्धा राहवेना. ओकून ओकून घसा बसला. निपाणीला मैदान भरलेलं, आणि तिच्या तोंडून सूर निघेना. रडली ती." मग हळूच म्हणाला, "गाडीत बायकांना जागा होती, सरोजिनीबाई. मी पाहिलं."

"ठाऊक होतं मला," मी म्हटलं. "ती तुमच्या शेजारी बसू नये म्हणून मी बोट लिहिली."

गल्ल्यावर अप्पांच्या हातातली कात्री थांबली. दत्तारामच्या चेहऱ्यावर हसू कुठेच नव्हतं.

"हे मला नका सांगू. तिला सांगा," म्हणाला आणि उठून गेला.

रविवारी मी लालबागला त्यांच्या चाळीत गेले. मनात मी एक अप्सरा रंगवली होती. समोर बसली होती बुटकीशी, गळ्याला फडकं गुंडाळून गरम पाणी पिणारी मुलगी. मी आल्याचं कळून दत्तारामही दाराशी आला. त्याच्या देखत मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"माका तेव्हाच कळलां," मालन घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"काय?"

"यानं तुझा कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, दत्ता, माका बोट लागता. तर म्हणतो, तिनं लिहिलंय ना, मग विचार करूनच लिहिलं असणार." तिनं पाण्याचा घोट घेतला. "मला कुणी वाकडं बोललं तर चाळभर भांडणारा माणूस हा. तुझ्या एका कागदापायी त्यानं मला बोटीत बसवलं गो. तेव्हाच समजले, हा आपल्या हातचा गेला."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जिच्यावर मी जळत होते, ती माझ्यावर जळत बोटीच्या कठड्याशी वाकून ओकत होती.

"मालन..." दत्ताराम म्हणाला.

"तू गप रे. काय असेल ते हिला सांग. माझ्यासमोर सांग, म्हणजे माझंही संपेल."

तो माझ्याकडे वळला. "सरोजिनी—" पहिल्यांदाच 'बाई' लावलं नाही त्यानं. "रागावलो होतो मी. अजून आहे. पण दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, तर जेवण जाईना... तू हवी आहेस मला."

एरवी चुरूचुरू बोलणारी मी. "मलाही," एवढंच आलं तोंडातून.

मालननं घसा खाकरला. "झालं? आता लिही. पुढला कार्यक्रम सोलापूरला. सगळे एका डब्यात. तूही चल, वडलांना घेऊन ये."

मी पिशवीतून कागद-पेन्सिल काढली आणि एकेक नाव लिहू लागले. दत्तारामच्या नावाशी हात अडला.

"त्याला तुझ्या शेजारी घाल," मालन म्हणाली.

"आणि तू?"

"माका खिडकी दे. बाहेर बघत जाईन."