खुर्चीवरचा चार बोटांचा हात

शंभूरावांच्या रिकाम्या खुर्चीवरच्या पांढऱ्या कापडावर आधी हिरवट डाग दिसला. मग कुणी न शिवता तो निळा होत गेला. उजवा पंजा, करंगळी नसलेला. शंभूरावांची करंगळी यंत्रात गेली होती, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"दर बैठकीला हेच," त्यांची बायको पुष्पावती ताठ मानेनं म्हणाली. "जिवंतपणी कुणाला बोलू दिलं नाही, मेल्यावरही देत नाहीत. नंजनगूडचा कापड रंगवायचा कारखाना आज विकते. सुटू दे त्यांचा जीव."

जयलक्ष्मीपुरमच्या त्या घरात गुप्तहेर वनजाबाईंना तिनंच बोलावलं होतं. त्यांचा भाचा सुदीप दाराला चिकटून उभा होता.

"खुर्चीपाशी कोण गेलं होतं?" वनजाबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही," मुलगी दिव्यश्री म्हणाली. "गोपाळकाका आले, नेहमीसारखा खुर्चीला नमस्कार करून बसले. मग मी, मग हयग्रीव."

"मला तर कारखाना विकायचाच आहे," संचालक हयग्रीव घाम पुसत म्हणाले. "हात उमटला की सगळे गप्प, ठराव पडून राहतो. मी कशाला भूत आणू?"

"अय्यो, या मंडळाचं एकमत होतं ते फक्त घाबरण्यात!" पुष्पावती फणकारली. "भावजींना तर यंत्रं आल्यापासून कारखान्यात काम नाही नि इथं तोंड नाही."

दीर गोपाळरावांनी कोट सावरला.

वनजाबाईंनी नंजुंडेश्वराचा प्रसाद वाटला. गोपाळरावांनी डावा हात पुढे केला.

"म्हातारपणी रीत विसरले," सुदीप कुजबुजला.

"विसरले नाहीत. उजवा हात कोटाच्या खिशातून काढा, गोपाळराव."

हात बाहेर आला. पंजा निळा, करंगळी तेवढी कोरी.

"हौदातली नीळ हिरवट असते," वनजाबाई म्हणाल्या. "वारा लागला की निळी होते. यंत्रावरच्या माणसांना हे ठाऊक नाही; हातानं रंगवणारे तुम्ही शेवटचे. खिशात भिजवलेला बोळा, करंगळी मुडपलेली, आणि नमस्कार. नमस्काराला कोण 'जवळ जाणं' म्हणतं?"

पुष्पावतीनं उभ्या जन्मात रंगात बोट बुडवलं नव्हतं. त्याचा तिला तोराच होता. आज तो उतरला.

"का, भावजी?"

"कारखाना राहावा म्हणून, वहिनी. माझं कोण ऐकतं? दादाच्या हाताचं तरी ऐकाल म्हटलं."

"आणि त्याच हाताला भिऊन मी विकायला निघाले!" तिनं कापड खसकन ओढलं. "बसा इथं. तोंडानं बोला. ही दोघं भांडतील, तुम्हीही भांडा. मेलेल्याला मत नाही आजपासून."

गोपाळराव बसले. निळा पंजा टेबलावर उघडा ठेवून म्हणाले, "माझा विक्रीला विरोध आहे."

"कशासाठी, काका?" दिव्यश्रीनं खुर्ची पुढे ओढली.

पुष्पावतीच्या मांडीवर, कापडावरचा हात अजून गडद होत होता.