एक, सहा, अकरा

व्हिडिओ कॉल अडकला आणि पडद्यावर नोरीन मॅकआयझॅकचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मुलाखतीची रंगीत तालीम होती म्हणून बरं. धाकट्या बहिणीने फोन करून कळवलं, "ताई, तू माशासारखी दिसतेयस."

शुक्रवारी दहाला कॅल्गरीच्या कंपनीची मुलाखत होती; नोकरी मिळाली तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, तिकडेच राहायला जायचं होतं. बाहेर हॅलिफॅक्सचं धुकं हलेना, आत नोरीन बसेना. राउटर मायक्रोवेव्हवरून कपाटावर गेला, कपाटावरून खिडकीत. शेवटी तिने सेटिंग उघडून वाय-फायचा चॅनल एकवरून सहावर नेला. सगळं सुरळीत... आणि अर्ध्या तासात वाय-फायच्या यादीत शेजारचा 'ओटकेक' नावाचा राउटरही सहावर, नेट पुन्हा अडखळायला लागलं! ती अकरावर गेली. तोही अकरावर.

तिने शेजारचं दार ठोठावलं. ओल्या रेनकोटातल्या उंच माणसाने उघडलं. एमेट बूटिलिए.

"माझ्या मागे मागे का येताय?"

"मी? मी तर आत्ता दुकानातून येतोय."

"तुमचा राउटर!"

"अच्छा, तो... तो आपोआप चांगली जागा शोधतो." त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "माझ्यापेक्षा हुशार निघाला."

तह झाला : ती एकवर, तो अकरावर, राउटरचं आपोआप जागा शोधणं बंद. काम चार मिनिटांचं. दोघांना तीन संध्याकाळी लागल्या.

शुक्रवारी चित्र आरशासारखं. वाय-फायच्या यादीत 'ओटकेक' मात्र कुठेच नाही. मुलाखत संपताच ती शेजारी धावली.

"राउटर बंद केलात?"

"खरं सांगू? साडेनऊला माझं बोट एक नंबरवर होतं. तुमच्या चॅनलवर आलो असतो, तर मुलाखत अडकली असती... तुम्ही इथेच राहिला असता." त्याने मान खाली घातली. "म्हणून तारच उपटली. मिळाली ना नोकरी?"

"मिळाली. सोमवारपर्यंत कळवायचंय."

घरी येऊन तिने चहा केला, तो निवला. दुसरा केला, तोही निवला. मग कॅल्गरीला लिहिलं : घरून काम केलं तर चालेल? नेट उत्तम आहे.

उत्तर संध्याकाळी आलं. आज दिसलं तसं नेट असेल, तर चालेल.

नोरीनने ताबडतोब चॅनल एकवरून अकरावर नेला.

भिंतीपलीकडे नेटवर चाललेलं हॉकीचं समालोचन अडखळलं, अडकलं... थांबलं. पावलं वाजली. दारावर टकटक.

"माझ्या मागे मागे का येतेयस?"

"आपोआप नाही हं," दार उघडत नोरीन म्हणाली. "मी निवडलाय."