गार पडलेला डेस्कटॉप

“लॅपटॉप!”

“डेस्कटॉप!”

“लॅपटॉप, लॅपटॉप, लॅपटॉप!”

“तीनदा ओरडलास म्हणून तो तिप्पट पळणार आहे का रे?”

क्लबच्या पायऱ्यांवर सकाळपासून ही जुंपली होती. सुट्टी लागून जेमतेम आठवडा झाला होता आणि क्लबने यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटर गेमचा संघ उभा करायचं ठरवलं होतं. त्यासाठी सहा नवी कोरी, दणकट मशीन्स घ्यायची होती. कोणती घ्यायची याचा निकाल क्लबच्या कोच मॅडम आज बारा वाजता दुकानात येऊन देणार होत्या. पण त्यांच्या आधी निकाल देणाऱ्यांची इथे मुळीच कमी नव्हती!

ओरडणाऱ्या मुलाला सगळे वकील म्हणत. त्याला ‘आज ऊन आहे’ म्हटलं तरी तो ‘कशावरून?’ असं विचारायचा. त्याच्याशी हुज्जत घालणारी मुलगी त्याच्याच वर्गातली. ती दोन मिनिटंही एका जागी टिकत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. आणि या दोघांच्या मध्ये बसून शांतपणे पेरू खाणारी ती वकिलाची धाकटी बहीण, टाचणी. अंगाने तशीच, आणि बोलायलाही तशीच.

“हे बघ,” वकील हातवारे करत म्हणाला, “बाहेरगावी स्पर्धा असली की लॅपटॉप दप्तरात टाकला आणि निघालो. तुझा डेस्कटॉप कसा नेणार? डोक्यावर?”

“आणि दोन वर्षांनी जड गेम आले की? तुझा लॅपटॉप अख्खा बदलावा लागेल. डेस्कटॉपचं नुसतं चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड बदललं की झाला पुन्हा ताजातवाना! शिवाय आत हवा खेळायला जागा. आत्या म्हणते...”

“आली आत्या!” टाचणी म्हणाली. “दर दोन वाक्यांनी येतेच ती.”

भिंगरी लाजली, पण खोटं काय होतं त्यात? भिंगरीची आत्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून डेस्कटॉप जोडायची. ते काम बघत बसणं हा भिंगरीचा सुट्टीतला सर्वांत मोठा आनंद होता. आत्या एकेक सुटा भाग पुठ्ठ्याच्या खोक्यातून अशी काढायची, जसं काही तान्हं बाळच उचलतेय. बोटाच्या पेराएवढा स्क्रू खाली पडला तर नुसत्या आवाजावरून तो कुठल्या कोपऱ्यात गेला ते सांगायची. आणि मशीन जोडून झालं की दोन तास सगळ्यात जड गेम चालवून बघितल्याशिवाय तिच्या खोलीबाहेर पाठवायची नाही. काल सकाळी तिने दुकानात मांडायचा डेस्कटॉप असाच तपासला तेव्हा भिंगरी शेजारीच होती. सेकंदाला एकशे चाळीस चित्रं! पडद्यावरच्या मोटारी लोण्यातून सुरी जावी तशा धावत होत्या.

“चला तर मग,” वकील उठला. “डोळ्यांनीच बघू. दुकानात दोन्ही मांडलेत.”

दुकान नुकतंच नव्याने सजवलं होतं. मध्यभागी पांढराशुभ्र लांब चौथरा, त्यावर डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे आत्याचा डेस्कटॉप. एकही वायर दिसत नव्हती! मालकांचा हुकूमच होता तसा. ‘माझ्या दुकानात वायर दिसता कामा नये,’ हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. सगळ्या वायरी चौथऱ्याच्या मागच्या फळीआड गडप झाल्या होत्या, आणि फळीवर लाल पाटी होती : हात लावू नये.

सेल्समनने दोन्हींवर एकच मोटारींची शर्यत लावली. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा आकडा दिसत होता. लॅपटॉप : नव्वद. डेस्कटॉप...

“अठ्ठावीस?” भिंगरी किंचाळली.

डेस्कटॉपवरची मोटार अडखळत, ठेचकाळत चालली होती. वळणावर तर ती चक्क थांबून विचार करत होती! पाच मिनिटांनी डेमो आपोआप संपला आणि सेल्समन टाळी वाजवून म्हणाला, “बघितलंत? लॅपटॉपच भारी!”

वकिलाने विजयाचा नाच करायला एक पाय उचललासुद्धा. पण तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारातून मालकांचा आवाज आला.

“ताई, काल संध्याकाळी कोच मॅडमनीही हेच बघितलं. तुमचं मशीन रखडतंय. आज त्यांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं, तर या खोलीत मोबाईलची कव्हरं मांडावी म्हणतो. तुम्हाला दुसरीकडे काम बघावं लागेल.”

“माझ्याकडे नीट चालत होतं हो,” आत्या हळूच म्हणाली. “एकदा उघडून बघू द्या मला.”

“आता? बारा वाजता गिऱ्हाईक यायचंय! मांडलेलं सगळं उसकटायचं आणि वायरी लोंबत ठेवायच्या? अजिबात नाही!”

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते भिंगरीला माहीत होतं. दूरच्या गावातल्या एका गोदामात आत्याला नोकरी मिळत होती. नुसती खोकी मोजायची. आत्या तिथे गेली, तर ते हात परत कधी स्क्रू ड्रायव्हर धरणार? आणि सुट्टीत भिंगरी कुणाच्या शेजारी बसणार? तिचे डोळे भरून आले. वकिलाने उचललेला पाय मुकाट्याने खाली ठेवला.

“भिंगरी, रडू नकोस,” तो म्हणाला. “काल तू आकडा नीट बघितला होतास ना? शपथेवर?”

“एकशे चाळीस. दोन तास एकशे चाळीस!”

“मग हे प्रकरण संशयास्पद आहे. मला लॅपटॉप जिंकायला हवाय, पण असा नाही. आजारी माणसाशी शर्यत लावून जिंकण्यात काय मजा? तपास करायलाच हवा!”

साडेदहा वाजले होते. तिघंही दुसरा डेमो बघण्याच्या मिषाने चौथऱ्याभोवती घुटमळू लागली. भिंगरीने मशीनचा आवाज कान देऊन ऐकला. वकिलाने सेल्समनला उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडलं. टाचणीने मात्र काहीच केलं नाही. ती नुसती दोन्हींच्या मधोमध उभी राहून एक हात लॅपटॉपच्या बाजूला आणि एक हात डेस्कटॉपच्या मागे धरून राहिली.

“ए, हात लावू नये लिहिलंय!” वकील कुजबुजला.

“लावला कुठेय? हवेत धरलाय. दादा, हा लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलाय. आणि हा डेस्कटॉप गारठलाय.”

“गारठलाय म्हणजे?”

“म्हणजे गार! याच्या मागून वाराच येत नाही.”

भिंगरीने पटकन वहीचा पातळ कागद फाडला, त्याची पट्टी केली आणि फळीच्या कडेच्या फटीतून डेस्कटॉपच्या मागच्या जाळीसमोर धरली. वरच्या बाजूला, जिथे नेहमीचा पंखा होता, तिथे पट्टी फडफडली. पण खाली, जिथे ग्राफिक्स कार्डाची जाळी होती, तिथे ती मरगळल्यासारखी लोंबत राहिली. काल त्याच जागेतून एवढी गरम झुळूक येत होती की भिंगरीने तिथे हात शेकले होते!

“कार्ड कामच करत नाहीये,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “इतका मोठा पैलवान आत बसलाय आणि त्याला कुणी कुस्तीलाच बोलावलं नाही!”

“बिघडलं असेल?”

“एका दिवसात? आत्याच्या हातचं? छे! मागची फळी उघडून बघायला हवी.”

फळीचे स्क्रू घट्ट होते आणि लाल पाटी डोळे वटारून बघत होती. मालक ऐकायचे नाहीत, सेल्समनला काही कळायचं नाही. मग उरलं कोण? चौथऱ्याच्या पलीकडे शिडीवर चढून एक गृहस्थ दिव्याची माळ इंचभर डावीकडे आणि परत इंचभर उजवीकडे सरकवत होते. दुकान सजवलं होतं ते यांनीच. सगळे त्यांना सजावटकाका म्हणत.

वकिलाने घसा साफ केला. “काका, एक शंका आहे. या डेस्कटॉपला वायर नाहीच का हो?”

“नाही कशी? सात आहेत!” काका शिडीवरूनच गरजले.

“शक्य नाही! सात वायरी आणि एकही दिसत नाही? आमच्या घरी एका पंख्याची वायर लपवता येत नाही कुणाला.”

“जादू असणार,” टाचणी डोळे मोठे करून म्हणाली. “काका, तुम्ही जादूगार आहात?”

सजावटकाका हरभऱ्याच्या झाडावर असे चढले की शिडीवरून कधी उतरले ते त्यांनाच कळलं नाही! खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी स्वतःच्याच हाताने फळी उघडली. “बघा, बघून घ्या! अशी वेणी कुणी घातलेली पाहिलीय?”

खरंच, काय सुंदर काम होतं ते! साती वायरी एका जुडीत, सारख्या अंतरावर पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेल्या, सगळ्या डेस्कटॉपच्या वरच्या भागात ओळीने शिरलेल्या. भिंगरी क्षणभर कौतुकाने बघतच राहिली. मग तिची नजर खाली गेली आणि तिने टाचणीचा हात इतक्या जोरात दाबला की टाचणी कळवळली.

खाली ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या खाचांवर, छोट्या काळ्या रबरी टोप्या बसवलेल्या होत्या. एकही टोपी काढलेली नव्हती.

“काका, पडद्याची वायर वर का लावली?”

“खालच्या जागा बंद केल्या होत्या ना! टोप्या घालून! म्हटलं, बंद ठेवायच्या असतील. वर तशीच एक मोकळी होती, तिथे चपखल बसली. जुडीत शोभलीही. चित्र आलं, काम झालं.”

चित्र आलं होतं, पण कार्डाकडून नव्हे! पडदा जोडला गेला होता मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला, आणि तो बिचारा एवढी जड शर्यत एकटाच ओढत होता. टोप्या होत्या आत्याच्या. धूळ जाऊ नये म्हणून तपासणी झाली की ती कार्डाच्या प्रत्येक पोर्टवर टोपी चढवायची. एका नीटनेटक्या माणसाने टोपी घातली, दुसऱ्या नीटनेटक्या माणसाने तिचा मान राखला, आणि दोघांच्या मध्ये मशीन अडकलं!

“काका, ती वायर खाली लावा ना, आत्ता!”

“आणि माझी जुडी? मालकांना विचारल्याशिवाय मी...”

“काय चाललंय इथे?” मालक समोर उभे होते, आणि त्यांच्या शेजारी कोच मॅडम! मॅडम ठरल्यापेक्षा तासभर आधीच आल्या होत्या. “फळी कुणी उघडली? वायरी दिसताहेत! हे काय खेळणं वाटलं तुम्हाला?”

भिंगरीने दाराकडे बघितलं. आत्या तिथे येऊन उभी होती, आणि आता गप्प बसलं तर पुढे बोलायला काही उरणारच नव्हतं.

“मॅडम,” भिंगरी म्हणाली, “निकाल देण्याआधी आमच्या दोन गोष्टी ऐका. एक वायर एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घालायची. आणि डेमो पाच मिनिटांचा नको, अर्ध्या तासाचा. आपली मॅच पाच मिनिटांत संपते का?”

“मुलांच्या नादी लागू नका हो,” मालक घाईघाईने म्हणाले.

“मशीन मुलांसाठीच तर घेतेय,” मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. “होऊ दे अर्धा तास.”

आत्या पुढे आली. तिने मागे एकदाच बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग जुडीतली एकही पट्टी न कापता, दोन बोटांनी ती वायर अलगद सोडवली, टोपी काढली, वायर खाली बसवली. सजावटकाकासुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिले.

शर्यत सुरू झाली. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात आकडा उमटला : एकशे एक्केचाळीस!

“हुर्रे!” टाचणी उडालीच. मालकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काय ती मोटार! ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं, धुळीचा कण न् कण, आणि कुठे अडखळणं नाही. लॅपटॉपही जिद्दीने धावत होता, हे वकिलाने सर्वांच्या नजरेस आणून दिलं. पण पंधरा मिनिटांनी त्याचा पंखा घरघरायला लागला, आकडा नव्वदवरून ऐंशीवर, मग पासष्टवर आला. आतल्या आत तापून तो धापा टाकत होता. डेस्कटॉप अर्धा तास झाला तरी एकशे चाळीसच्या आसपास! त्याच्या मागून आता अशी गरम झुळूक येत होती की टाचणीची वेणी हलत होती.

“बोला वकीलसाहेब,” मॅडम हसल्या, “तुमचं काय म्हणणं?”

वकील उभा राहिला. ही त्याची पहिलीच हार होती आणि ती त्याने फार रुबाबात घेतली. “सरावाच्या हॉलमध्ये डेस्कटॉप. तासन्‌तास खेळायचं तर तोच. पण बाहेरगावी स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव करायला एक लॅपटॉप हवाच. तो काही वाईट नाही, त्याला फक्त जास्त दमवायचं नाही.”

“मंजूर! पाच डेस्कटॉप, एक लॅपटॉप.” मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. “काल मीही इथेच उभी राहून अठ्ठावीसचा आकडा बघितला आणि विश्वास ठेवून घरी गेले. तुम्ही ठेवला नाहीत. बटणं भराभर दाबणारी मुलं मला ढिगाने भेटतात. ‘असं का?’ विचारणारी आज तिघं भेटली. माझ्या संघात मला हीच हवीत!”

“चूक माझीही आहे,” आत्या म्हणाली. “टोप्या घातल्या, पण त्या काढायच्या असतात हे लिहून ठेवलं नाही.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते आत्यासमोर येऊन म्हणाले, “ताई, तुम्ही उघडून बघू द्या म्हणालात आणि मी ऐकलं नाही. वायर दिसू नये म्हणता म्हणता मला मशीनच दिसेनासं झालं. खोली तुमचीच. कव्हरं मी दारात टांगीन!” आणि मुलांकडे वळून ते म्हणाले, “शाबास रे! मोठ्यांना जमलं नाही ते केलंत.”

“दादाने जादूगार म्हणायला सांगितलं नव्हतं हं,” टाचणी म्हणाली. “ते माझं मलाच सुचलं.”

सगळे खो खो हसले. भिंगरीला मात्र हसता हसता रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. आत्याने तिला जवळ घेतलं, तिच्या हातात ग्राफिक्स कार्डाचं एक न उघडलेलं खोकं ठेवलं आणि म्हणाली, “पाच मशीन्स करायची आहेत, एकटीला जमणार नाही. पहिलं कार्ड तू बसव. मी नुसती शेजारी बसून बघते.”