साबूची मापाची दोरी

नाईलच्या काठी साबूच्या तोडीचा पाथरवट नव्हता, आणि मापाच्या बाबतीत तर तो सख्ख्या बापाचंही ऐकत नसे. धान्यकोठारांचा अधिकारी केन्हू याची पुरुषभर मूर्ती त्याने चुनखडीत उतरवली होती. खात्यापित्या घरचं पोट, डावा पाय पुढे, आणि पायाशी गुडघ्याएवढी बायको. मोठ्या माणसाची बायको दगडात तेवढीच असायची, त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

पण ही बायको म्हणजे साबूची लेक इनेत. दोन महिन्यांपूर्वी बाळंतपणात गेली. थडग्यात तिला आता कायमचं याच गुडघाभर दगडी देहात राहायचं होतं, आणि ते बापाच्या जिवाला लागलं होतं.

मूर्ती पुरी झाली आणि दुसऱ्याच सकाळी इनेतचं डोकं गुडघ्याच्या वर दिसलं. साबूने दोरी लावली. बोटभर जास्त. तिसऱ्या दिवशी दोन बोटं.

रंगारी बेबी हसला. "लेकीच्या मायेपोटी हात चुकला तुझा. दगड कधी वाढतो होय?"

साबूने मग रोज त्यालाच दोरी धरायला लावली. पाचव्या दिवशी बेबीची थट्टा बंद झाली.

सातव्या दिवशी केन्हू आला. कमरेचं वस्त्र सारखं वर ओढत, धोब्यांनी सगळे कपडे ताणून ठेवलेत म्हणून करवादत होता. सासऱ्याला तो कधी मामा म्हणाला नाही.

"पाथरवट, ही एवढी कशी? लोक हसतील मला. छाट वरून."

वरून म्हणजे चेहराच जाणार. साबूला संताप आला, पण त्याहून मोठी एक शंका डोक्यात वळवळत होती.

"छाटतो, धनी. आधी तुमचं माप घेतो."

केन्हूच्या उंचीची जुनी दोरी त्याने काढली. टाळूवर गाठ धरली, टोक खाली सोडलं. पहिल्या दिवशी ते जमिनीला जेमतेम टेकलं होतं.

आज दोरी जमिनीवर लोळत होती.

साबूने उरलेली बोटं मोजली. सहा.

इनेतही सहाच वाढली होती. बेबीने नजर वळवली.

"काय रे, काय झालं?" केन्हूने विचारलं.

"काही नाही. दहा दिवसांनी या, मग बघू."

केन्हू निघाला. त्याच्या चपला दारापर्यंत फटफट वाजत गेल्या. उंबऱ्याशी एक मागेच राहिली.