पडद्याआडची जबानी

होळी होऊन चार दिवस झाले होते. साल १९१३. वाशीमचे वकील नरहरपंत डबीर बैलांच्या दमणीत बसून मानोऱ्याच्या बाजूला निघाले होते. काम म्हटलं तर साधं होतं. खापरदरीच्या जहागिरीच्या राणीसाहेब चतुराबाई पडद्यातल्या, त्या काही कोर्टाची पायरी चढणार नव्हत्या. म्हणून कोर्टानं नरहरपंतांना कमिशनर नेमलं होतं. गढीवर जायचं, पडद्यापलीकडून राणीसाहेब सांगतील ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, खाली त्यांचा अंगठा घ्यायचा आणि परतायचं.

दावा मात्र साधा नव्हता. राजे गुलाबसिंग वारले तेव्हा राणीसाहेबांना मूलबाळ नव्हतं. राजांना मुलगा एकच, उदयसिंग, आणि तो कमलीबाईच्या पोटचा. आईचं राजांच्या खांड्याशी, म्हणजे तलवारीशी, रीतसर लग्न लागलं होतं असं उदयसिंग म्हणायचा. राजांचे धाकटे भाऊ धरमसिंग म्हणायचे, कसलं लग्न? ठेवलेली बाई ती, आणि तिचं पोर लेकावळा. राजपुताच्या घरात लेकावळ्याला अन्नवस्त्र मिळतं, गादी मिळत नाही. कमलीबाई सहा वर्षांपूर्वी तापानं गेली, असं गढीनं सांगितलं आणि लोकांनी ऐकून घेतलं. ते लग्न झालं की नाही, हे जाणणारं माणूस आता एकच उरलं होतं. राणीसाहेब.

गढीच्या पायथ्याशी, लिंबाखाली उदयसिंग वाट पाहत उभा होता. विशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला. दमणी थांबताच तो चाकाजवळ आला.

"वकीलसाहेब, पडद्यामांगं कोन बसली हाये ते पायल्याबिगर काही लिहू नका."

"राणीसाहेबच असतील. दुसरं कोण असणार?"

"होळीपासून मोठीमायचा, रानीसाहेबाचा, आवाज कोनी आयकला नाही. काहून नाही आयकला, ते तुमीच इचारा."

पक्षकाराचं बोलणं कमिशनरनं मनावर घ्यायचं नसतं. पण ते बोलणं कुसळासारखं नरहरपंतांच्या मनात रुतलं. ते म्हणाले, "तू वादी आहेस. जबानीला हजर राहायचा तुला हक्क आहे. चल माझ्याबरोबर."

दारात धरमसिंग हात जोडून उभे होते. पुतण्याला पाहताच त्यांचे जोडलेले हात हळूच सुटले.

बाहेर टळटळीत दुपार होती आणि दिवाणखान्यात समई पेटवलेली होती. खिडक्यांवर घोंगड्या सोडल्या होत्या. उदाचा धूर इतका दाट, की भिंतीवरच्या ढाली-तलवारी हलल्यासारख्या दिसत होत्या. एवढा धूर कशासाठी? नरहरपंतांनी रुमाल नाकाला लावला, तेव्हा त्या उदाखाली आणखी एक वास आहे हे त्यांना जाणवलं. खारवलेल्या कातड्यासारखा.

समोर लाल पडदा. पडद्याच्या कडेला राणीसाहेबांची जुनी दासी भुरीबाई बसली होती.

"आत राणीसाहेबच आहेत ना? शपथेवर सांगा."

भुरीबाईनं जमिनीकडे पाहिलं. धरमसिंग खाकरले.

"हो जी... त्याच हायेत."

नरहरपंतांनी दौत उघडली. पहिले प्रश्न नावागावाचे. मग मुद्द्याचा. उत्तर लगेच आलं, पाढा म्हटल्यासारखं. "राजांचं अन् कमलीचं लगन झालं नाही. ते ठेवलेली बाई होती."

आवाज जरा जास्तच तरणा होता. पासष्टीच्या बाईचा हा गळा? नरहरपंतांनी टाक थांबवला आणि कोर्टानं लिहून न दिलेला प्रश्न केला.

"कमलीबाई पहिल्यांदा गढीत आल्या, तो दिवस कोणता होता?"

पडद्यामागे चुळबुळ झाली.

"वकीलसाहेब, असले सवाल कायले?" धरमसिंग पुढे सरकले. "म्हातारं मानूस हाये..."

"उत्तर त्यांना देऊ द्या."

समईची वात तडतडली. आणि पडद्यामागून आवाज आला, पण तो मघाचा नव्हता. कोरडा, खोल, एकेक शब्द वाळूतून उपसून काढल्यासारखा.

"अखजीचा सण होता... आंब्याचा रस केला होता."

त्याच क्षणी पडदा थरथरला आणि आतून किंकाळी फुटली. "कोन हाये वं इथं? माझ्याजवळ कोन हाये?"

पडदा ढकलून एक बाई बाहेर येऊन पडली. अंगावर राणीसाहेबांचा शालू आणि वय फार तर तीस. उदयसिंगानं तिला ओळखलं. धरमसिंगांच्या मळ्यावर कामाला असलेली कस्तुरा. ती धरमसिंगांच्या पायाशी लोळत होती. "मले नाही पाह्यजे तुमचं वावर! मले जाऊ द्या, मालक! तिनं माझा हात धरला... लय थंडा हाये..."

पडदा पुन्हा सरळ लोंबू लागला. त्याच्यामागे आता कोणीच उरलं नव्हतं. आणि तिथूनच तो कोरडा आवाज पुढे म्हणाला,

"लिव्हा, वकीलसाहेब. मले येळ नाही."

नरहरपंत लिहू लागले. का लिहिलं, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. टाक कागदावर सरळ चालला होता.

"खांडा म्याच काढून देल्ला. कमलीच्या कपाळाले कुकू म्याच लावलं. राजांनी शिक्क्याचा कागद करून माह्यापाशी ठेवाले देल्ला... म्या लपवला. देवघरात हाये, पाटाच्या खाली."

"मोठीमाय..." उदयसिंग पुढे धावला.

"जवळ येऊ नको, उदय!"

तो जागच्या जागी थिजला. नंतर आवाज आला नाही. शेवटी नरहरपंतांनीच उठून पडदा ओढला. एक चटई, पाण्याचा गडवा आणि मागे दगडी भिंत. दार नाही, खिडकी नाही.

भुरीबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. हळूहळू सगळं बाहेर आलं. राणीसाहेब होळीच्या आदल्या रात्रीच गेल्या होत्या. धरमसिंगांनी रडायचीही बंदी केली. जबानी कस्तुरा देणार होती. पण राणीसाहेबांचा अंगठा कोर्टातल्या जुन्या कागदांवर होता, तिथं कस्तुरेचा चालला नसता. म्हणून...

"मांगच्या कोठीत मिठात ठेवलं जी त्यायले. कागद आत नेऊन अंगठा उमटवू, म्हने."

नरहरपंत कोठीच्या दारापर्यंत गेले. अंधारात मिठाचा पांढरा ढीग होता आणि त्यातून एक हात बाहेर आलेला, कोपरापर्यंत. ते तिथूनच मागे फिरले.

देवघरात पाटाखाली मेणकापडात गुंडाळलेला कागद सापडला. राजांच्या शिक्क्याचा, लग्नाचा. दिवस मावळायच्या आत राणीसाहेबांना अग्नी दिला, तो उदयसिंगानं.

दावा वर्षभर चालला. तो कागद आणि भुरीबाईची साक्ष यांवर कोर्टानं उदयसिंगाला औरस ठरवलं आणि गादी त्याला मिळाली. खोटी बाई उभी केल्याबद्दल धरमसिंग तुरुंगात गेले. नरहरपंतांनी लिहिलेली जबानी मात्र कोणी वाचली नाही. मेलेल्या माणसाची साक्ष कोणत्या कायद्यानं घ्यायची? त्यांनी ती लाखेनं बंद करून त्याच आठवड्यात कोर्टात दिली होती, आणि तशीच ती पडून राहिली.

निकालानंतर एके दिवशी जज्जसाहेबांनी नरहरपंतांना आपल्या खोलीत बोलावलं. जबानीवरची लाख नुकतीच फोडलेली दिसत होती. त्यांनी शेवटचं पान पुढे सरकवलं.

"पंत, हा प्रश्न तुम्ही कशासाठी विचारलात?"

नरहरपंतांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं. वळणही त्यांचं आणि शाईही त्यांचीच. पण असा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, आणि असं उत्तर त्या खोलीत कोणीही ऐकलं नव्हतं.

प्रश्न : इतकी वर्षं आपण गप्प होता, मग आज का आलात?

उत्तर : म्या नाही आली. मले कमलीनं आनलं. अजून मले सोडून नाही राह्यली.