पंचांचा रकाना

धम्मानंदनं शिट्टी फुंकली, समोरच्या संघाकडे हात केला, आणि आकांक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ओ पंच! सर्व्हिस बाहेर गेली, कबूल. पण त्यायला पॉइंट काहून?"

"नवा नियम हाय, कप्तान. सर्व्हिस कोणाचीबी असू द्या, चूक झाली की समोरच्याला पॉइंट."

वसमतच्या कॉलेजातल्या मुलींचा दोन हजार सालच्या मोसमातला हा पहिला व्हॉलीबॉलचा सामना. पॉइंट पंधराचे पंचवीस झाले, एवढंच काय ते आकांक्षाच्या कानावर आलं होतं. उन्हाळ्यातच तिनं दोनशे पानी वहीत सगळा मोसम आखून ठेवला होता... रोज किती सराव, कोणी कुठं उभं राहायचं. जोरात मारलेल्या सर्व्हिसचा रकाना होता, पॉइंट आलेल्यांचा होता. वाया गेलेल्यांचा नव्हताच. आजवर सर्व्हिस वाया गेली तर नुसती सर्व्हिसच जायची, तिची नोंद कोण कशाला ठेवेल!

सामना कसाबसा जिंकल्यावर धम्मानंदनं तिची वही मागून घेतली आणि पेन्सिलीनं नवा रकाना आखला – 'वाया'. खाली आकडा टाकला, अकरा.

"अकरा पॉइंट वाटले तुमी, लगनातल्या बुंदीवानी."

"मंग शिकवा की! नुसतं हसून काय राहिले?"

"शिकवतो... मोसम संपेपर्यंत."

तो एसटी डेपोत नोकरीला होता आणि पंचाची परीक्षा नुकतीच पास झाला होता. दुसऱ्या दिवसापासून ऊन कलतं झालं की त्याची सायकल मैदानाच्या कडेला येऊन टेकायची. चेंडू वर किती फेकायचा, हात कुठं थांबवायचा, हे तो लांबूनच सांगायचा. मान हलवून 'बराबर' म्हणाला, की तिला उगाच आणखी दहा सर्व्हिस माराव्याशा वाटायच्या.

एक दिवस वही चाळता चाळता तो थांबला. शेवटच्या पानावर आणखी एक रकाना होता. सोमवारी पाच वीस. मंगळवारी पाच दहा. बुधवारी... आले न्हाई.

"कप्तान, माझीबी हजेरी घेऊन राहिल्या व्हय?"

आकांक्षाचे कान लाल झाले. "शिस्त पायजे ना... पंचायलाबी."

"बुधवारी लई तकलीफ झाली का?"

"वही द्या इकडं!"

त्या दिवशी तिच्या सात सर्व्हिस वाया गेल्या.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरलं की मोसम खलास, आणि मोसम खलास म्हणजे सायकलही बंद. हे आकांक्षाच्या लक्षात आलं आणि ती जिवाच्या आकांतानं खेळू लागली. सेनगावची टीम हरवली तेव्हा तिला चार दिवस मिळाले. उपांत्य सामन्यानं आणखी आठ दिले. चषकाचं तिला काही पडलं नव्हतं, तिला मैदानावरच्या त्या संध्याकाळी हव्या होत्या. बिचाऱ्या मैत्रिणी मात्र कप्तानाच्या जिद्दीचं कौतुक करत होत्या.

अंतिम सामना हिंगोलीला झाला. तिची एकही सर्व्हिस वाया गेली नाही, तरी चौथा सेट तेवीस-पंचवीसनं गेला, आणि सामनाही.

ती जाळीच्या खांबाशी मटकन बसली. रजा टाकून आलेला धम्मानंद पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

"रडता काहून? झकास खेळल्या की."

"मॅचसाठी कोण रडून राहिलं..." तिनं वरही पाहिलं नाही. "उद्यापासून तुमी येणार न्हाई म्हणून रडू येतंय. मला आवडता तुमी. घ्या, सांगून टाकलं."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माझी ड्यूटी संध्याकाळचीच असते. रोज डेपोतल्या ग्यानोबाच्या हातापाया पडून बदलून घेत होतो... ते काय नुसत्या व्हॉलीबॉलपायी?"

आकांक्षानं आता कुठं मान वर केली.

"रविवारी माझी आई येते म्हणते, तुमच्या बाबायला भेटायला. तुमी व्हय म्हणाल, तरच हं."

"व्हय," ती म्हणाली. तो काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाली, "व्हय की!"

तिनं हातांनी डोळे पुसले, तर मैदान आखलेली पांढरी फक्की तोंडभर लागली. त्याला हसू आवरेना, मग तिलाही आवरेना.

तिकडून संघातली कोमल कंबरेवर हात ठेवून ओरडली, "कप्तान! हरलोय आपण! दात काय काढून राहिली?"