लुत्फीने पुसलेल्या नक्ष्या

वीज येईल तेव्हा येईल. चहा गार करू नका, आणि मधेच उठून कोणी घरची वाट धरू नका. अर्धवट ऐकलेली गोष्ट रस्ताभर सोबत करते. ही इकडून तिकडून कानावर आलेली नाही. वजदीने स्वतः मला सांगितली, आणि शेवटचा भाग तर मी याच डोळ्यांनी पाहिलाय.

वजदी म्हणजे बंदराच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तो. मी फर्निचरला पॉलिश मारणारा, तो कारखान्यांतली मशीनं सांभाळणारा. आमची उठबस एकाच गल्लीत. गेल्याच्या गेल्या वर्षी, शाबान महिन्याची पंधरावी रात्र होती. वर्षाचं नशीब त्या रात्री ठरतं म्हणून आपलं सगळं दुम्यात गाव मशिदीत. वजदी मात्र सासूकडे बोरी मासे पोचवायला निघाला होता. पिशवी स्कूटरला अडकवलेली, समुद्रावरून बोचरा वारा. वाटेत त्याला शौकीचा फोन आला. असशील तसा ये म्हणाला.

शौकी आणि लुत्फी सख्खे भाऊ, एकच कारखाना. शौकी थोरला, गिऱ्हाइकं आणायचा. धाकटा लुत्फी नक्ष्या काढायचा. काय हात होता त्याचा! आधी छिन्नीने कोरायचा, मग कॉम्प्युटरवर काढायला लागला, आणि ते कोरीवकामाचं मोठं मशीन त्याच्या रेघांबरहुकूम लाकडात फुलं उठवायचं. कैरोच्या प्रदर्शनात शौकीने त्या सगळ्या नक्ष्या स्वतःच्या नावाने लावल्या. वर चारचौघांत म्हणाला, "लुत्फी? तो आमचा मशीनवाला."

लुत्फी भांडला नाही. घरी आला, कॉम्प्युटरसमोर बसला आणि आयुष्यभराच्या नक्ष्या एकेक करून पुसल्या. प्रत्येक उघडायची, बघायची, पुसायची. शेवटची पुसली आणि तिथेच, त्याच खुर्चीत, त्याचं हृदय थांबलं.

आता मेख ऐका. लुत्फीला ठाऊक नव्हतं की त्या कॉम्प्युटरची आणखी एक नक्कल आहे. शौकीच्या सांगण्यावरून वजदीनेच कधीकाळी माळ्यावर एक डिस्क बसवून ठेवली होती. रोज रात्री कारखाना बंद झाला की दिवसभराचं सगळं गुपचूप तिच्यात उतरायचं. तो बॅकअप परत काढायचा, यासाठी शौकीने बोलावलं होतं. हॉटेलची मोठी ऑर्डर अंगावर होती. नक्ष्या नसतील तर कारखान्याला टाळं, अन् वीसेक कारागीर घरी.

वजदी पोचला तेव्हा लुत्फीची बायको इन्शिराह जिन्यात उभी होती. कारखान्याच्या वरच राहायची ती. वजदीला म्हणाली, "त्याने हाताने पुसलंय ते. मेलेल्या माणसाचा नकार आहे तो. तू कोण मोडणारा?"

शौकी खालून म्हणाला, "इन्शिराह, वर जा. या घरात आता नकार द्यायला कोणी उरलेलं नाही."

ती गेली नाही. तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, त्याची खुर्ची तरी या वजदीला देऊ नका."

दुसरी खुर्चीच नव्हती. वजदी त्याच खुर्चीत बसला. शौकीने माळ्यावरची डिस्क आणून जोडली आणि मशिदीला निघाला. जाताना त्याने बाहेरून शटर ओढलं, कुलूप घातलं. काम झाल्याशिवाय उघडणार नाही, एवढंच म्हणाला. त्याआधी इन्शिराहला वर धाडून वरचं दार तिला आतून बंद करायला लावलं होतं. वजदीला राग आला, पण करतो काय.

फाइली परत यायला लागल्या. गुलाबाची नक्षी, द्राक्षवेल, मोराची. स्क्रीनवर नावं एकाखाली एक उमटत होती. वजदीला बरं वाटलं. त्याने सिगारेट पेटवली.

मग गुलाबाची गेली.

त्याला वाटलं, आपल्याच हाताने काही दाबलं गेलं. पण हात सिगारेटवर होते. थोड्या वेळाने द्राक्षवेल उघडली. पूर्ण स्क्रीनभर. जरा वेळ तशीच राहिली, कोणीतरी डोळे भरून बघावं तशी. मग मिटली. चौकट आली, 'नक्की पुसायचं?' बाण हळूहळू सरकला, 'हो'वर गेला.

गेली.

वजदीने इंटरनेटची वायर उपटली. बाहेरून कोणी खोडी काढत असेल म्हणून. माऊसची वायर उपटली. कीबोर्डची उपटली.

मोर उघडला.

आता त्याला लाकूड जोडायच्या सरसाचा वास यायला लागला. ताज्या, गरम सरसाचा. कारखाना तर लुत्फी गेल्यापासून महिनाभर बंद. वास मागून येत होता... मानेच्या अगदी जवळून. मागे वळायचं नाही, एवढं त्याने स्वतःला बजावलं. मागे भिंत आहे. नुसती भिंत.

मोर गेला.

पुढे वेग वाढला. येणारी फाइल पुरती यायच्या आत जायला लागली. बाण आता सरकत नव्हता, झडप घालत होता. कोणी संतापाने दात खात काम करावं तसं. आणि कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात, कोरीवकामाचं मशीन सुरू झालं.

त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. घुरर्र... थांबलं. घुरर्र...

"लुत्फीभाई," वजदी म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

मशीन थांबलं.

...

डाव्या खांद्यावर ओझं आलं. गार नाही, गरम नाही. नुसतं ओझं.

स्क्रीनवर शेवटची चौकट आली. या वेळी फाइल नव्हती. माळ्यावरची अख्खी डिस्क. 'नक्की पुसायचं?' बाण 'हो'पाशी गेला आणि थांबला.

वजदी वाट बघत राहिला. बाण हलेना. खांद्यावरचं ओझं वाढलं. त्याच्या ध्यानात आलं. ही नक्कल त्याने ठेवली होती. ही त्यानेच पुसायची होती.

त्याच्या डोळ्यांपुढे वीस कारागीर आले. शौकी आला. पायरीवर बसलेली इन्शिराह आली... हाड मोडेल असं दाबलं जात होतं.

त्याने कीबोर्डची वायर परत खोचली. 'हो' दाबलं.

ओझं उतरलं नाही. मशीन मात्र पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी शांतपणे, एका लयीत, पहाटेपर्यंत चालत राहिलं. वजदी खुर्चीतून उठला नाही. उठता आलं नाही.

पहाटेची नमाज आटोपून शौकीने शटर उघडलं. स्क्रीन रिकामी बघून त्याने वजदीच्या कानाखाली वाजवली. पुसलंस? माझ्या घरात बसून? वजदीने शर्टाचं बटण काढून डावा खांदा दाखवला. निळा-काळा पडला होता. शौकी हसला. म्हणाला, सिगारेट ओढत झोपलास, खुर्चीवरून पडलास. मग त्याची नजर मशीनकडे गेली.

ऑर्डर अर्थातच बुडाली. कारखाना बंद झाला. कारागीर पांगले, दोघे तर माझ्याचकडे येऊन रडले. हे काही मी झाकणार नाही. इन्शिराह माहेरी गेली. वजदी आता एझबत गावात मासे विकतो, खिशात साधा फोनही ठेवत नाही.

शटर उघडलं त्याच दिवशी दुपारी शौकीने मला बोलावलं. मशीनवरची फळी दाखवली. जाड, चांगल्या लाकडाची. तिच्यावर कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसलेला माणूस कोरला होता, पाठमोरा. वजदीच. शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली, तीसुद्धा. भिंतीत उभं राहून कोणी बघितलं तर दिसेल तसा. आणि बघणाऱ्याच्या बाजूने एक हात पुढे गेलेला, बोटं त्याच्या डाव्या खांद्यावर. असं काम या गावात एकच माणूस करायचा. लाकडाचा भुसा मात्र कुठेच नव्हता. चिमूटभरही नाही.

शौकी म्हणाला, "घास हे. सपाट कर. फळी वाया घालवायची नाही."

मी म्हटलं, तूच घास. त्याने फळी रंध्याच्या मशीनमध्ये घातली. मी समोर उभा होतो. पांढरेशुभ्र पापुद्रे उडाले, फळी निम्मी झाली. शौकीने ती उचलून उजेडात धरली, आणि तशीच माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेला.

नक्षी होती. पहिल्याइतकीच खोल. कॉम्प्युटर तोच, खुर्ची तीच.

खुर्ची रिकामी होती.

हात मात्र तसाच होता. पुढे केलेला... बोटं किंचित वाकवलेली. खांद्याच्या उंचीवर.